समुद्रावरची स्पिनिंग रील सर्व्हिस करूनही परत परत का करकरते? आधी पाणी कुठून शिरतंय ते शोधा

प्रॉब्लेम बहुतेकांना माहितीये. पाऊस संपला की ऑक्टोबरात नवीन किंवा नुकतीच सर्व्हिस केलेली स्पिनिंग रील, म्हणजे गळाची लाईन (दोरी) गुंडाळायची चरखी, घेऊन माणूस खडकावर गरवायला (गळानं मासे पकडायला) जायला लागतो, दिवाळीपर्यंत एकदम मस्त फिरते, जानेवारीच्या आसपास हँडलला बारीक करकर जाणवते, मार्चपर्यंत ती ऐकू यायला लागते, मग रील खोलायची, जुनं ग्रीस पुसायचं, नवीन भरायचं, दोन-चार वेळा बरी चालते आणि परत तेच सुरू. दुसऱ्या सीझनला बेअरिंग बदलायची, तिसऱ्या सीझनला वैतागून रीलच बदलायची, आणि नवीन रीलचंही पुढं तेच होतं.

ओळखीतल्यांच्या रीली माझ्याकडे खोलायला येतात, देवगड-मालवणपासून मुरुड-अलिबागपर्यंतच्या, आणि जवळजवळ सगळ्यांची गोष्ट एकच असते. ग्रीस बदललेलं असतं, पण खारं पाणी ज्या वाटेनं आत येतं ती वाट तशीच उघडी राहिलेली असते. ती वाट कुठली हे रीलच्या डिझाईनवर ठरतं, आणि रील कितीची आहे याचा त्याच्याशी वाटतो तेवढा संबंध नसतो. म्हणून आधी करकर नक्की कुठून येते ते पकडायचं, मग तिथं पाणी कसं पोचलं ते बघायचं, आणि त्यानंतरच पाना-स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा. सरसकट सगळं खोलून ग्रीस भरणं हा टाईमपास आहे, त्यात चांगल्या जागचं ग्रीसही उगाच बिघडतं.

आवाज पकडायची पद्धत सांगतो, याला काही हत्यार लागत नाही. लाईनला ताण न देता हँडल अगदी सावकाश फिरवा आणि एका फेऱ्यात अडखळ किती वेळा लागते ते बोटांना जाणवू द्या. पूर्ण फेऱ्यात एकदाच, आणि दर वेळी हँडल त्याच जागी आल्यावर अडखळत असेल तर दुखणं मेन गिअरचं किंवा हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगचं. एका फेऱ्यात पाच-सहा वेळा बारीक खरखर येत असेल तर ते पिनियनचं (मेन गिअरला लागून रोटर फिरवणारा छोटा गिअर) किंवा रोटर (लाईन गुंडाळत फिरणारा कपासारखा भाग) असतो त्याच्या खालच्या बेअरिंगचं, कारण रीलचा रेशो ५.६ असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात रोटर ५.६ वेळा फिरतो, म्हणजे रोटरबरोबर फिरणाऱ्या प्रत्येक पार्टचं दुखणं तेवढ्याच वेळा हाताला लागणार. स्पूल (लाईन ज्यावर गुंडाळली जाते ते रीळ) वर-खाली होताना एखाद्या टोकाला पोचल्यावरच अडकत असेल तर ऑसिलेशनचा ब्लॉक किंवा त्याची दांडी बघा. आणि मोकळी फिरवताना काहीच नाही पण लूर (नकली आमिष) किंवा मासा ओढताना घरघर येते, अशी केस असेल तर दोन शक्यता, एकतर लाईन रोलर (ज्यावरून वळून लाईन स्पूलवर जाते ती छोटी चकती) जाम आहे, नाहीतर लोड आल्यावर बॉडी वाकतेय आणि गिअरचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीयेत.

हे झालं की स्पूल काढून फिरवा, मग हँडल काढून रोटर नुसता बोटानं फिरवा, आणि गरज पडली तरच रोटर काढा. एकेक पार्ट कमी करत गेलं की ज्याला काढल्यावर आवाज थांबतो तो आपला. रोटरचा नट काही रीलींना उलट्या आट्याचा असतो आणि त्याला छोटी लॉकची प्लेट किंवा स्क्रू असतो, तो न बघता पान्यावर जोर दिला तर आटे जातात, त्यामुळे तिथं घाई नको.

आता लाईन रोलर. माझ्या अनुभवात आपल्याकडच्या रीलींचं सगळ्यात पहिलं मरतं ते हेच, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हेच. विचार करा ना, ब्रेडेड लाईन म्हणजे विणलेले धागे, धाग्यांच्या मधे पाणी धरून राहतं, आणि गुंडाळताना ती सगळी ओली लाईन त्या एवढ्याशा रोलरवरून दाबून जाते, म्हणजे प्रत्येक कास्टला (लाईन फेकून परत गुंडाळताना) तिथं खाऱ्या पाण्याचा फवाराच चालू असतो. आतलं बेअरिंग दोन-अडीच मिलिमीटर रुंदीचं, त्यात ग्रीस मावणार किती! त्याला बाहेरून तेलाचा एक थेंब टाकून माणूस खूश होतो, पण पातळ तेल पहिल्या तासाभरातच धुऊन जातं.

टेस्ट सोपी आहे. रोलरच्या कडेला परमनंट मार्करनं एक ठिपका द्या, लाईनच्या टोकाला अर्धा किलोचं काहीतरी बांधा, आणि कुणाला तरी हँडल फिरवायला सांगून ठिपक्याकडं बघत राहा. ठिपका गरागरा फिरला पाहिजे. तो जागच्या जागी असेल आणि लाईन वरून नुसती घासत जात असेल तर रोलर जाम आहे, मग लाईनला पीळ पडणं, लाईन केसाळ होणं, लीडरच्या (लाईनच्या टोकाला जोडलेल्या जाड दोरीच्या) गाठीजवळ तुटणं, हे सगळं तिथूनच. बरेच जण यासाठी लाईनला दोष देतात आणि महागातली लाईन आणून तीही त्याच जाम रोलरवर घासतात.

मागच्या उन्हाळ्यात एक ६००० साईजची रील आली होती, एकाच सीझनची, मालक म्हणाला गिअर गेला. हँडलला करकर होतीच, पण फक्त ओढताना. रोलरचा स्क्रू सोडवला तर बेअरिंगच्या जागी तपकिरी चिखल होता, आतली रिंग, बाहेरची रिंग आणि मधले बॉल एकत्र गंजून एकच गोळा झालेला, त्याच्या शेजारच्या प्लास्टिकच्या कॉलरवर पांढरे मिठाचे खडे जसेच्या तसे. मेन गिअर काढून बघितला तर दात स्वच्छ, ग्रीससुद्धा कंपनीतून आलेलं तसंच पिवळसर. अख्ख्या रीलमधला एकच पार्ट गेला होता, आणि त्याआधी दोनदा सर्व्हिसला जाऊन त्या पार्टला कुणी हातही लावला नव्हता.

दुरुस्ती काय, तर जुनं बेअरिंग व्हर्नियरनं मोजा, आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी, या तीन मापांवर बेअरिंग मिळतं. मागताना स्टेनलेस आणि दोन्ही बाजूंनी रबर सीलवालं, म्हणजे टू-आरएस मागा, झेडझेड म्हणजे पत्र्याची झाकणी, त्यातून पाणी आरामात जातं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगची आणि ओ-रिंगची (पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगांची) दुकानं ओळीनं आहेत, बाकीच्यांनी ऑनलाईन मागवा. बसवताना बेअरिंगच्या दोन्ही अंगांना आणि रोलरच्या आत मरीन ग्रीस चोपडा, फिरायला थोडं जड वाटेल, वाटू दे, लाईनच्या ताणाला ते आरामात फिरतं. स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या गोंदाचा) अगदी छोटा थेंब, कारण हा स्क्रू ढिला होऊन खडकात गायब होणं ही पण नेहमीची तक्रार आहे. काही स्वस्त रीलींमध्ये रोलरला बेअरिंगच नसतं, नुसता प्लास्टिकचा किंवा पितळेचा बुश असतो, आणि लोक त्याला कमी प्रतीचं समजतात. खाऱ्या पाण्यात मला तो बुश साध्या बेअरिंगपेक्षा परवडतो, त्यात गंजायला बॉलच नाहीत, महिन्यातून एकदा पुसून ग्रीस लावलं की झालं.

यावरून पेटीवरच्या बेअरिंगच्या आकड्याकडं येऊ. "१३+१" असं लिहिलेलं असतं, त्यातलं ते +१ म्हणजे अँटी-रिव्हर्सचा, म्हणजे हँडल उलटं फिरू न देणारा, रोलर क्लच, बाकी तेरा बेअरिंग कुठं कुठं घातलीत ते कुणी सांगत नाही. हँडलच्या नॉबमध्येच चार घालून आकडा वाढवता येतो. समुद्रावर प्रत्येक जादा बेअरिंग म्हणजे गंजायची एक जादा जागा, त्यामुळे मला सहा बेअरिंगची पण नीट सील केलेली रील तेरावाल्या उघड्या रीलपेक्षा कधीही चालेल.

दुसरी वाट हँडलची. रील हातात घेऊन हँडल काढा आणि दांडा बॉडीत जिथं जातो तिथं टॉर्च मारून बघा, रबरची रिंग किंवा सील दिसतंय का. नसेल तर दांडा आणि बेअरिंग यांच्यात जी फट आहे ती थेट मेन गिअरपर्यंत जाते. मग उलट्या बाजूची टोपी बघा. हँडल डावीकडं लावलं की उजवीकडं ही टोपी बसते, ती ढिली असते, कधी पडून जाते, आणि लोक तशीच रील वापरत राहतात, म्हणजे बॉडीला एका बाजूनं चक्क भोकच. टोपीखाली ओ-रिंग नसेल तर मापाची ओ-रिंग घालून थोडं ग्रीस लावून टोपी बसवा, खर्च चहाएवढा आणि हँडलच्या बेअरिंगचं आयुष्य खूप वाढतं. थेट मेन गिअरच्या आट्यात फिरवून बसणारं हँडल आणि आरपार बोल्टवर दुमडणारं हँडल यात समुद्रासाठी पहिलं निवडा, खेळ कमी असतो आणि पाण्याला वाटही कमी. पण त्याच्या आट्यांना दर महिन्याला ग्रीस लागतं, ते कोरडे ठेवले तर मीठ धरून हँडल असं बसतं की काढताना दांडाच मोडायची वेळ येते.

अँटी-रिव्हर्सची तक्रार वेगळी ओळखा. हूक मारताना (माशाच्या तोंडात गळ रुतवायला झटका देताना) हँडल मागं सटकतं, कधी सटकतं कधी नाही. यात विचारायचा प्रश्न एकच, हे सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालं की सीझनच्या शेवटाला? लगेच सुरू झालं असेल तर जवळजवळ नक्की क्लचमध्ये ग्रीस गेलंय. रोटरखालच्या त्या क्लचमध्ये बारीक रोलर आणि त्याहून बारीक स्प्रिंगा असतात, रोलर पाचरीसारखे अडकले की हँडल थांबतं, चिकट ग्रीसमध्ये ते वेळेवर अडकत नाहीत. तिथं ग्रीस अजिबात नको, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवून पूर्ण वाळवून पातळ तेलाचा एक थेंब, बास. सीझनच्या शेवटाला सुरू झालं असेल तर रोटरखालून पाणी गेलंय आणि रोलर किंवा स्प्रिंगा गंजल्यात, ते धुवून तात्पुरतं चालतं पण मासा लागल्यावर हँडल उलटं फिरून बोटांच्या पेरांवर बसलं की काय होतं ते ज्याला बसलंय त्याला विचारा. क्लच बदला, हा पार्ट घासून-पुसून चालवायचा नाही.

रोटरखाली पाणी का जातं तर रोटर म्हणजे पालथा कप असतो आणि लाटेचं पाणी खालून उडतं. चांगल्या डिझाईनमध्ये क्लचवर एक रबरी ओठ असलेलं सील असतं जे फिरणाऱ्या कॉलरला चिकटून राहतं. शिमानो कंपनी आपल्या काही रीलींवर क्लच आणि रोलरला एक्स-प्रोटेक्ट नावाची रचना देते, तिच्यात पाणी परतवणारे चक्रव्यूहासारखे खाचे असतात. डायवा कंपनीची मॅगसील्ड रचना आणखी वेगळी, तिथं चुंबकाच्या जोरावर लोहकण असलेल्या तेलाचा पडदा फटीत धरून ठेवलेला असतो. मॅगसील्ड रील असेल तर त्या जागी घरी सॉल्व्हंट किंवा दुसरं तेल घालू नका, तो पडदा एकदा धुतला गेला की सील संपलं, आणि ते तेल भरायला कंपनीच्याच सर्व्हिसला जावं लागतं. घेतानाच याचा विचार करा.

पेन कंपनीच्या स्पिनफिशर सहा या रीलवर आयपीएक्स५ आणि स्लॅमर तीनवर आयपीएक्स६ असं पाणी अडवण्याचं रेटिंग आहे, आणि लोक त्याचा अर्थ पाण्यात बुडवली तरी चालेल असा घेतात. तसं नाहीये. आयपीएक्स५ म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या नोझलनं मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा फवारा, आयपीएक्स६ म्हणजे १२.५ मिलिमीटरच्या नोझलनं मिनिटाला १०० लिटर. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवायची टेस्ट आयपीएक्स७ ला असते. आणि मधला तो एक्स बघा, त्याचा अर्थ धूळ किंवा वाळूची टेस्टच सांगितलेली नाही. आपण पुळणीवर रील वाळूत ठेवतो, लाटेतून वाळूचं पाणी उडतं, तर त्या बाबतीत हा आकडा गप्प आहे. शिवाय ही टेस्ट नव्या मालावर, साध्या पाण्यानं होते, तीन सीझन उन्हात तापलेल्या आणि मिठानं सुकलेल्या रबराचं काय होतं ते त्यात येत नाही. एवढं असूनही लाटेत उभं राहून गरवणाऱ्याला मी सील्ड रीलच सुचवेन, फक्त तिचे सील वर्षातून एकदा पुसून त्यांना ग्रीस लावायला हवं आणि "सील्ड आहे म्हणजे खोलायची गरज नाही" हे डोक्यातून काढायला हवं. सील्ड रीलमध्ये पाणी एकदा शिरलं की बाहेरही पडत नाही, आतल्या आत महिनोन्‌महिने राहतं.

पाणी शिरायचं एक कारण तर आपण स्वतः तयार करतो, ते म्हणजे धुण्याची पद्धत. काळी रील दुपारभर उन्हात तापलेली, आतली हवा गरम, आणि घरी आल्या आल्या ती नळाखाली किंवा बादलीत. आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते, बाहेरचं मीठ त्याच पाण्याबरोबर आत जातं. आधी रील सावलीत गार होऊ द्या. मग ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाईन किती जोरावर सुटायची ते ठरवणारा ब्रेक) घट्ट करून, म्हणजे त्याच्या वॉशरमध्ये पाणी जाणार नाही, हलक्या धारेखाली वरून पाणी सोडा, रोलरवर जरा जास्त वेळ, रोटर हातानं फिरवत. जोराचा फवारा नको, झाडांना मारायची गन नको, बादलीत बुडवणं तर अजिबात नको. झटकून, कापडानं पुसून, ड्रॅग पूर्ण सैल करून सावलीत ठेवायची. आणि हे त्याच रात्री, मीठ सुकून खडे व्हायच्या आधी, कारण एकदा खडे झाले की हलक्या धारेनं ते निघत नाहीत.

आता ग्रीस वाचायचं कसं ते सांगतो, कारण बॉडी उघडली की बहुतेक लोक आधी पुसायला घेतात आणि सगळा पुरावाच घालवतात. पुसायच्या आधी फोटो काढा आणि रंग बघा. दुधासारखं पांढुरकं ग्रीस म्हणजे त्यात पाणी घुसळलं गेलंय, आणि ते ज्या कोपऱ्यात जास्त पांढरं आहे ती पाण्याची वाट. तपकिरी किंवा लालसर म्हणजे पोलादाचा गंज, जवळचं बेअरिंग बघा. सोनेरी चमक म्हणजे पितळी पिनियन किंवा पितळी मेन गिअर झिजतोय. काळपट करडं म्हणजे गिअरचा धातू घासला जातोय. स्क्रूच्या डोक्याभोवती किंवा बॉडीच्या जोडावर पांढरी पूड असेल तर ती मीठ आहे की ॲल्युमिनियमचा गंज ते तपासा, कोमट पाण्याचा थेंब टाका, विरघळलं तर मीठ, नाही विरघळलं तर ॲल्युमिनियम खाल्लं जातंय. ॲल्युमिनियमच्या बॉडीत स्टेनलेसचा स्क्रू आणि मधे खारं पाणी, हे तिन्ही एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजणारच, म्हणून परत बसवताना प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय पिळायचं नाही. हे एवढं केलं तरी पुढच्या वर्षी स्क्रूची डोकी उडायची भानगड राहत नाही.

स्पूललाही हेच लागू. लाईनखाली कडेला ॲनोडायझिंगवर (ॲल्युमिनियमवरच्या संरक्षक थरावर) फोड आलेले, पापुद्रे सुटलेले दिसतात, कारण लाईन बाहेरून धुतली तरी तळातलं मीठ तिथंच राहतं. सीझन संपला की लाईन उलटून दुसऱ्या स्पूलवर घ्या आणि रिकामा स्पूल धुवा.

बॉडी आणि गिअर कशाचे आहेत हा वादाचा विषय, आणि माझं मत इथं बऱ्याच जणांना पटत नाही. ग्रॅफाईटची बॉडी म्हणजे फायबर घातलेलं प्लास्टिक, ते गंजत नाही पण वाकतं. धातूची वाकत नाही पण गंजते. खाडीत जिताडा, तांबोशी, किनाऱ्यावरून रावस, असं ४००० ते ६००० साईजमध्ये चार-पाच किलोच्या ड्रॅगवर गरवणाऱ्याला चांगल्या ग्रॅफाईट बॉडीत काही कमी पडत नाही. जीटीसाठी (जायंट ट्रेव्हली या मोठ्या माशासाठी) पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करणारं नकली आमिष, मारणारे, १०००० च्या वरची रील आणि आठ-दहा किलोचा ड्रॅग, तिथं पूर्ण धातूचीच हवी. दुकानात तपासायचं असेल तर ड्रॅग घट्ट करा, एकानं लाईन जोरात ओढायची, दुसऱ्यानं हँडल सावकाश फिरवत रोटर आणि बॉडी यांच्यातली फट बघायची. ताण आल्यावर फट एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त होत असेल तर तिचे गिअर दोन सीझनमध्ये बोंबलणार, मग ब्रँड कुठलाही असो.

मेन गिअर झिंकचा ओतीव असेल तर त्याचा रंग फिका करडा असतो, खाऱ्या पाण्याला तो लवकर पांढरी पूड धरतो. पितळेचा जड पण टिकाऊ, पेनच्या स्लॅमरमध्ये पितळी मेन गिअर आहे. थंड ठोकून घडवलेला ॲल्युमिनियमचा गिअर हलका आणि फिरायला सगळ्यात छान, शिमानोच्या हागाने गिअरचं नाव त्यासाठीच आहे, पण त्याच्या कोटिंगवर वाळू गेली की पूर्वीसारखा तो होत नाही. लोहचुंबक लावून बघणारे पुष्कळ असतात, त्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण झिंक, पितळ, ॲल्युमिनियम यातल्या कशालाच चुंबक चिकटत नाही, आणि बेअरिंगमध्ये वापरतात ते ४४०सी स्टेनलेस असूनही त्याला चिकटतं.

ड्रॅग झटके देतोय अशी तक्रार असेल तर सामान तोलायचा हुकवाला स्प्रिंग काटा घ्या आणि लाईन बांधून सरळ रेषेत ओढा. सुटायच्या क्षणी काटा किती आणि सुटल्यावर चालताना किती, हे दोन आकडे बघा. ते जवळजवळ असतील तर ड्रॅग ठणठणीत. सुटताना सहा आणि चालताना तीन असेल तर वॉशर चिकटलेत, माशाच्या पहिल्या झेपेलाच लाईन तुटणार. फेल्टचे वॉशर भिजून दबले असतील तर बदला, कार्बनचे असतील तर पुसून ड्रॅगच्या ग्रीसचा पातळ हात द्या. मधल्या धातूच्या वॉशरवर गंजाचे डाग आले तर ते बारीक पॉलिश पेपरनं सपाटच घासायचे, वाकवायचे नाहीत. सेटिंग लाईनच्या ताकदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे १५ किलोच्या लाईनला साधारण ४ किलो. पेटीवर २५ किलो ड्रॅग लिहिलंय म्हणून कुणी भुलू नका, खडकावर उभं राहून १० किलोचा ताण धरणंही सोपं नाही.

आणि सगळ्यात मोठं नुकसान होतं ते रील वापरत नसताना, जून ते सप्टेंबर. समुद्र खवळलेला, रील कपाटात, आणि तरी ऑक्टोबरात काढली की करकर. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं, आणि कोकणात पावसाळाभर आर्द्रता बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे मे महिन्यात आत राहिलेला मिठाचा कण चार महिने खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन बेअरिंगवर बसून राहतो. म्हणून वर्षाची मुख्य सर्व्हिस मेच्या शेवटाला करायची, ऑक्टोबरात नाही. खोलून, धुवून, पूर्ण वाळवून, ग्रीस भरून, ड्रॅग सैल, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. रीलच्या कापडी पिशवीत ठेवू नका, त्या पिशवीतच सीझनभराचं मीठ असतं.

आत डब्ल्यूडी-४० मारायची सवय असेल तर ती फक्त पाणी हटवायला आणि अडकलेला स्क्रू सोडवायला ठेवा, आत मारलं तर चांगलं ग्रीसही पातळ होऊन वाहून जातं. रॉकेलनं धुतलं तर तेलकट थर राहतो, नंतर अल्कोहोलनं पुसावंच लागतं. पेट्रोल नको, आगीचा धोका आहेच आणि प्लास्टिक, रबर दोन्ही बिघडतं.

एवढं करून आवाज मेन गिअरचाच निघाला, दात बोटाला धारदार लागतायत, तर नुसता मेन गिअर किंवा नुसता पिनियन बदलू नका, दोन्ही जोडीनं बदला, जुन्या झिजलेल्या दातांवर नवा गिअर बसत नाही आणि करकर आठवड्यात परत येते. जोडीची किंमत नव्या रीलच्या निम्म्यावर जात असेल तर ती रील पार्टसाठी ठेवून द्या. आणि पुढची घेताना दुकानदाराला आधी हेच विचारा, या मॉडेलचा रोलर, क्लच आणि मेन गिअर-पिनियनची जोडी इथं मिळते का, किती दिवसांत, कितीला. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं मॉडेल बघा.